‘गुलामगिरी’ निघाली त्याच साली पदवी घेणाऱ्या मुली

एम.एड.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पण त्या वेळी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मुली तिथे खरोखर कॉलेजात जात होत्या का? त्यांना शिकवत कोण होतं? आणि विद्यापीठ चर्चच्या मालकीचं असेल, तर तिथे बाईला शिकवायची जागा कशी मिळाली?

शिक्षणाचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे. आपल्याकडे ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका कौतुकाने वाचली जाते, पण तिच्या पलीकडच्या टोकाला काय चाललं होतं हे बघायला फारसं कुणी जात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, मुली शिकत होत्या. त्याच १८७३ साली ओहायो राज्यातल्या विल्बरफोर्स विद्यापीठातून सहा जणांची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. त्यात हॅली क्विन ब्राउन होत्या आणि मेरी ॲशही होत्या. हॅलींचे आईवडील दोघेही एकेकाळी गुलामीत होते. मेरी ॲश पुढे लग्नानंतर मेरी ॲश ली या नावाने कविता लिहू लागल्या. त्यांचे पती बेंजामिन ली हे १८७६ ते १८८४ या काळात याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते.

या विद्यापीठाची जागा मुळात उन्हाळी हॉटेलची. झिनिया गावाजवळच्या टवावा झऱ्यांवर दक्षिणेकडचे मळेवाले हवापालटाला येत, आणि येताना गुलाम बायकांनाही घेऊन येत. १८५६ साली मेथडिस्ट चर्चने ती जागा घेऊन कृष्णवर्णीयांसाठी विद्यापीठ काढलं आणि त्याला विल्यम विल्बरफोर्स यांचं नाव दिलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटात आयुष्यभर लढलेले हेच ते गृहस्थ. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात वाट मोकळी करून देणाऱ्या कलमामागेही तेच होते, त्यामुळे आपल्या इतिहासात त्यांचं नाव अगदीच परकं नाही. सुरुवातीच्या वर्षांतली बरीच मुलं त्या मळेवाल्यांचीच होती, गुलाम बायकांपोटी झालेली. बाप फी भरत होता, पण स्वतःच्या राज्यात त्याच मुलाला अक्षर शिकवणं गुन्हा होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, पैसा आटला, मुलं परत गेली आणि १८६२ मध्ये विद्यापीठ बंद पडलं.

इथे डॅनियल पेन येतात. ते आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे, म्हणजे ए.एम.ई. चर्चचे बिशप. कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या चर्चमधल्या अपमानाला कंटाळून स्वतः उभारलेलं हे चर्च, १८१६ साली फिलाडेल्फियात त्याची रीतसर स्थापना झाली. पेन मूळचे चार्ल्सटनचे. विशीही गाठली नव्हती तेव्हाच त्यांनी तिथे शाळा काढली होती. कृष्णवर्णीयांना शिकवण्यावर बंदी घालणारा कायदा साउथ कॅरोलायनाने १८३४ च्या अखेरीस केला आणि १८३५ मध्ये ती शाळा त्यांना बंद करावी लागली. हा घाव ते विसरले नाहीत. मार्च १८६३ मध्ये विल्बरफोर्सची मालमत्ता विकायला निघाली तेव्हा हातात पैसा नसताना त्यांनी १०,००० डॉलरला ती चर्चच्या वतीने घ्यायचं कबूल केलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या मालकीचं आणि स्वतः चालवलेलं हे पहिलं विद्यापीठ. दोन वर्षांनी, १४ एप्रिल १८६५ ला, मुख्य इमारत आगीत खाक झाली. लिंकन यांना गोळी लागली तोच हा दिवस. आग लावली गेली असा संशय होता. पेन यांनी पुन्हा वर्गण्या गोळा करून बांधकाम सुरू केलं.

हे सगळं सांगण्याचं कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नात आहे. बाईला जागा कशी मिळाली? माझं स्पष्ट मत असं की ती गरजेपोटी मिळाली. १८६५ मध्ये सुमारे ४० लाख माणसं गुलामीतून सुटली. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येऊ दिलेलं नव्हतं. गावोगाव शाळा हव्या होत्या आणि शिकवणारी माणसं कुठेच पुरेशी नव्हती. शिकलेला पुरुष चर्चला व्यासपीठासाठी हवा होता, मग शाळेत कोण जाणार? पेन यांना आईच्या शिक्षणाचं महत्त्व मनापासून वाटत होतं, कारण घर सुधारलं तर समाज उभा राहील असं ते मानत. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांच्या लिखाणात सुगृहिणीचा जो आग्रह दिसतो, त्याच जातीचा हा विचार. त्यात उदारपणा होता आणि मर्यादाही होती. बायकांनी मात्र आत शिरल्यावर ती मर्यादा जिथे वाकेल तिथे वाकवली.

सगळ्यात आधी सारा जेन वुडसन यांच्याकडे बघा. या बाईंवर मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवं असं मला फार वाटतं. जन्म १८२५ चा, ओहायोतल्या चिलिकॉथीचा. त्यांच्या कुटुंबाने आणि आणखी काही मंडळींनी मिळून बर्लिन क्रॉसरोड्स नावाची स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती वसवली होती. तिथे स्वतःची शाळा होती, स्वतःचं चर्च होतं. सारा पुढे ओबर्लिन कॉलेजात गेल्या आणि १८५६ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. ओबर्लिनचा उल्लेख इथे वारंवार येईल. १८३३ साली निघालेल्या या धार्मिक वृत्तीच्या कॉलेजाने १८३५ पासून कृष्णवर्णीयांना आणि १८३७ पासून मुलींना कॉलेजच्या अभ्यासक्रमात प्रवेश दिला होता. विल्बरफोर्सला शिक्षक हवे असले की ओबर्लिनकडे बघायचं, हे पुढची कित्येक वर्षं चाललं.

युद्धाच्या आधीच्या वर्षांतच सारा वुडसन विल्बरफोर्सला शिकवायला आल्या. पुढे पेन यांच्या काळात, १८६६ मध्ये, त्यांची पुन्हा नेमणूक झाली : इंग्रजी आणि लॅटिन शिकवायचं, शिवाय लेडी प्रिन्सिपल, म्हणजे मुलींच्या विभागाच्या प्रमुख, आणि मेट्रन म्हणूनही काम बघायचं. अमेरिकेत कॉलेजात अध्यापन करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचे थोरले भाऊ लुईस वुडसन ए.एम.ई.चे धर्मोपदेशक आणि विद्यापीठाच्या पहिल्या विश्वस्तांपैकी एक होते. ओळखीने जागा मिळाली असं कुणी म्हणेल. ओळख होतीच. पण लॅटिन शिकवू शकेल अशी किती माणसं त्या काळी त्या समाजात होती, तेही विचारायला हवं.

त्या जास्त काळ राहिल्या नाहीत. १८६८ मध्ये त्या नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरो इथे मुक्त झालेल्यांच्या मुलींच्या शाळेवर गेल्या. विद्यापीठातली लॅटिनची जागा सोडून दक्षिणेत, जिथे कृष्णवर्णीयांच्या शाळा जाळल्या जात होत्या तिथे. त्याच वर्षी जॉर्डन अर्ली या धर्मोपदेशकाशी त्यांचं लग्न झालं आणि पुढची कैक वर्षं त्यांनी टेनेसीतल्या गावांत शाळा चालवल्या. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या स्त्रियांच्या जागतिक परिषदेत त्यांचं भाषण झालं. विषय होता दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे संघटित प्रयत्न. त्याच वर्षी त्याच शहरात विवेकानंदांचंही भाषण झालं, आणि आपल्याकडे शिकागो म्हटलं की तेवढंच आठवतं.

हॅली ब्राउन यांचा मार्ग उलटा होता. त्या विल्बरफोर्समध्येच घडल्या, दक्षिणेत गेल्या आणि परत आल्या. वडील थॉमस ब्राउन नदीवरच्या बोटींवर कारभारी म्हणून काम करत. पिट्सबर्गमधलं त्यांचं घर पळून आलेल्या गुलामांचं आश्रयस्थान होतं. १८६४ मध्ये कुटुंब कॅनडातल्या चॅटमला गेलं आणि १८७० च्या सुमारास केवळ मुलांच्या शिक्षणासाठी विल्बरफोर्सला येऊन राहिलं. मुलीच्या कॉलेजसाठी घर हलवणारे आईवडील, तेही गुलामीतून वर आलेले. असं आपल्याकडे अजूनही रोज घडत नाही.

पदवी मिळाल्यावर त्या मिसिसिपीतल्या सोनोरा नावाच्या मळ्यावर शिकवायला गेल्या. शाळा म्हणजे एक खोपट, भिंतींना भोकं, वारा-पाऊस थेट आत. दुरुस्ती करून मिळेना. तेव्हा त्यांनी दोन थोराड पोरं बरोबर घेतली, खेचरांवर बसून सगळे सरकीसाठी जिनिंगच्या गिरणीवर गेले. आणलेली सरकी मातीत कालवून त्यांनी लगदा केला आणि स्वतःच्या हातांनी भोकं लिंपली. विज्ञानाची पदवी घेतलेली बाई हे करत होती. ‘पदवीचा उपयोग काय’ या प्रश्नाला हॅलींच्या पिढीने दिलेलं उत्तर असं होतं, म्हणून मी हा प्रसंग वर्गात नेहमी सांगतो.

पुढे त्यांनी डेटन शहरात शिकवलं, दक्षिणेतून आलेल्या प्रौढांसाठी रात्रशाळा चालवली, साउथ कॅरोलायनातल्या ॲलन विद्यापीठात १८८५ ते १८८७ या काळात डीन म्हणून काम केलं, अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत लेडी प्रिन्सिपल झाल्या आणि विल्बरफोर्सला वक्तृत्वाच्या प्राध्यापक म्हणून परतल्या. वक्तृत्व हा विषय आज हलका वाटतो, पण तेव्हा तसा नव्हता. ज्या समाजाची साक्षसुद्धा अनेक राज्यांच्या कोर्टात गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नसे, त्याच्या मुलींना सभेत उभं राहून खणखणीत बोलायला शिकवणं ही मोठी गोष्ट होती. शतकाच्या अखेरच्या वर्षांत हॅली युरोपात व्याख्यानं देत फिरल्या, १८९९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेत सहभागी झाल्या. १९१० मध्ये पुन्हा ब्रिटनला गेल्या असताना ज्युलिया एमरी या दानशूर बाईंकडून त्यांनी मुलींच्या वसतिगृहासाठी १६,००० डॉलर मिळवले. चर्चने संपूर्ण विद्यापीठ ज्या किमतीला घेतलं होतं त्याहून ही रक्कम मोठी. ते वसतिगृह केझाया एमरी हॉल या नावाने उभं राहिलं.

ओबर्लिनहून आलेल्या आणखी दोघी सांगतो. १८८४ मध्ये ओबर्लिनमधून ॲना ज्युलिया कूपर आणि मेरी चर्च एकाच तुकडीत पदवीधर झाल्या. ॲना कूपर गुलामीत जन्मल्या होत्या, ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि त्यानंतर कॉलेजात गेल्या. पदवीनंतर लगेच त्या विल्बरफोर्सला आल्या, वर्षभर आधुनिक भाषा शिकवल्या आणि मग आपल्या गावी, रॅलीला गेल्या. १९२५ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर, त्यांनी पॅरिसच्या सॉर्बॉनमधून डॉक्टरेट मिळवली. मेरी चर्च यांची गोष्ट निराळी. वडील रॉबर्ट चर्च मेम्फिसचे अतिशय श्रीमंत गृहस्थ. मुलीने घरी सुखाने राहावं, पगारी नोकरी करणं म्हणजे बापाच्या प्रतिष्ठेला बट्टा, असं त्यांचं मत. १८८५ मध्ये मेरी विल्बरफोर्सला शिकवायला निघून गेल्या तेव्हा वडिलांनी बोलणं टाकलं. तिथे कॉलेजच्या वर्गाला फ्रेंच आणि खनिजशास्त्र शिकवायचं, पूर्वतयारीच्या वर्गाला लेखन-वाचन शिकवायचं आणि वर प्राध्यापक मंडळाचं चिटणीसपण करायचं. पुढे मेरी चर्च टेरेल म्हणून त्या देशभर गाजल्या. मुलगी गरिबाची असो की लखपतीची, बाईने कमावणं घरच्यांना सलत होतंच; फक्त कारणं वेगळी.

सारा बिअर्स स्कारबरो यांचाही उल्लेख करायला हवा. त्या गोऱ्या होत्या. विल्बरफोर्सला त्या १८७७ मध्ये आल्या आणि शिक्षक तयार करणारा नॉर्मल विभाग त्यांनी दीर्घकाळ सांभाळला. त्यांचे पती विल्यम स्कारबरो हे गुलामीत जन्मलेले आणि ग्रीकचं पाठ्यपुस्तक लिहिणारे पंडित, पुढे १९०८ ते १९२० विद्यापीठाचे अध्यक्ष. पतीवर बरंच लिहिलं गेलं आहे. नॉर्मल विभागातून जे शिक्षक बाहेर पडले त्यांनी किती शाळा उभ्या केल्या असतील, याचा विचार करताना सारा स्कारबरो यांचं नाव मात्र क्वचित निघतं.

विल्बरफोर्सचं नाव समुद्रापार नेलं ते शार्लट मान्ये यांनी. त्या दक्षिण आफ्रिकेच्या. गाणाऱ्या पथकातून १८९१ मध्ये इंग्लंडला गेल्या, नंतर अमेरिकेच्या दौऱ्यावर आल्या. तिथे आयोजकांनी पथकाला वाऱ्यावर सोडलं आणि हे तरुण ओहायोत अडकले. ए.एम.ई. चर्चने त्यांची विल्बरफोर्सला सोय केली. तिथे पुढे नावाजलेले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस त्या वेळी शिकवत होते, १८९४ ते १८९६ ही दोन वर्षं. शार्लट यांनी घरी बहिणीला पत्रं लिहिली. त्या पत्रांतून दक्षिण आफ्रिकेतल्या इथिओपियन चर्चच्या, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांपासून वेगळं होऊन काढलेल्या चर्चच्या, पुढाऱ्यांना कळलं की अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं स्वतःचं, गोऱ्यांच्या हुकुमाबाहेरचं चर्च आहे, त्याचं विद्यापीठ आहे. १८९६ मध्ये ती दोन चर्चेस जोडली गेली. एका विद्यार्थिनीच्या घरगुती पत्रांनी दोन खंडांतला असा दुवा जुळावा, हे मला आजही विलक्षण वाटतं. शार्लट १९०१ मध्ये पदवीधर झाल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर स्त्री त्या. विल्बरफोर्सचेच पदवीधर मार्शल मॅक्सेके यांच्याशी त्यांनी लग्न केलं, आणि दोघांनी मिळून इव्हॅटन इथे जी शाळा उभी केली तिचं नावही विल्बरफोर्स इन्स्टिट्यूट. १९१८ मध्ये त्यांनी बांटू विमेन्स लीग काढली. बायकांनाही पास, म्हणजे फिरण्याचा परवाना, बाळगायला लावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या लढ्यात त्या पुढे होत्या.

आता चर्चबद्दल, कारण या बायकांच्या कौतुकात तो भाग झाकला जातो. वर्गात लॅटिन शिकवायला बाई चालत होती, पण धर्मपीठावर नाही. जरीना ली यांना खुद्द ए.एम.ई.चे संस्थापक रिचर्ड ॲलन यांनी १८१९ मध्ये प्रवचनाची मोकळीक दिली, धर्मोपदेशकाची दीक्षा मात्र दिली नाही. अमांडा स्मिथ याच चर्चच्या. १८७९ ते १८८१ या काळात त्या भारतात फिरल्या, मुंबईतही आल्या होत्या. एवढ्या नावाजलेल्या प्रवचनकार असूनही दीक्षा त्यांनाही नव्हती. १८८५ मध्ये बिशप टर्नर यांनी सारा ह्यूज यांना डीकनची, म्हणजे धर्मोपदेशकाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली, तर १८८८ च्या सर्वसाधारण परिषदेने अशी दीक्षा द्यायलाच मनाई केली. हॅली ब्राउन यांनी १९०० साली चर्चच्या शिक्षण चिटणीस पदासाठी उमेदवारी केली. आयुष्य शिक्षणात गेलेलं, परदेशात नाव झालेलं, चर्चसाठी पैसे उभे केलेले. तरी त्यांची निवड झाली नाही. ए.एम.ई.ची पहिली स्त्री बिशप व्हायला २००० साल उजाडलं.

म्हणून ‘धार्मिक विद्यापीठाने स्त्रियांना पुढे आणलं की मागे ठेवलं’ असा दोन तुकड्यांचा प्रश्न मांडू नका. विल्बरफोर्समध्ये एकाच चर्चने दोन्ही केलं, तेही एकाच पिढीत. बायकांनी जी जागा मिळाली तिथून बाहेरची जागा मिळवली. हॅली ब्राउन १९२० ते १९२४ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेच्या संगीत महोत्सवात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळं बसवलं, तेव्हा त्यांनी जाहीर निषेध केला आणि शेकडो कृष्णवर्णीय गायकांनी गायला नकार दिला. वर्गात शिकवलेलं वक्तृत्व तिथे उपयोगी पडलं.

आपल्याशी तुलना करायचा मोह होईल. करा, पण जपून. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणात अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांचा भाग होता असं त्यांच्या चरित्रांत येतं. पण फुले दांपत्याने १८४८ मध्ये काढलेली शाळा कोणत्याही चर्चची नव्हती. विल्बरफोर्सच्या बायकांमागे त्यांच्याच समाजाची देशभर पसरलेली संघटना, तिच्या वर्गण्या आणि तिची वर्तमानपत्रं होती. सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांच्यामागे तसं काही नव्हतं. दोन्हीकडे अक्षरबंदी होती, पण तिकडे ती १८३४ सारख्या कायद्यांनी लादली आणि इकडे धर्मशास्त्र व रूढीने. त्यामुळे तिकडची बंदी कायदा बदलल्यावर निदान कागदावर उठली. इकडे उठवायला कागदच नव्हता.

प्रबंधासाठी शोध घेणार असाल तर कामाच्या दोन गोष्टी. पहिली, नावं दोन्ही तऱ्हांनी शोधा. सारा वुडसन आणि सारा अर्ली, मेरी ॲश आणि मेरी ली, मेरी चर्च आणि मेरी टेरेल, शार्लट मान्ये आणि शार्लट मॅक्सेके. लग्नानंतर नाव बदललं की एकाच बाईच्या नोंदी दोन ठिकाणी पडतात आणि तिचं निम्मं आयुष्य हरवतं. दुसरी, विद्यापीठाच्या जुन्या वार्षिक पुस्तिकांत फक्त ‘प्रोफेसर’ या रकान्यात बघू नका. ‘लेडी प्रिन्सिपल’, ‘मेट्रन’, ‘प्रिसेप्ट्रेस’, पूर्वतयारी विभाग, नॉर्मल विभाग, संगीत, वक्तृत्व हे रकाने उघडा. मेट्रन म्हणजे वसतिगृहाची देखरेख करणारी बाई, असं समजून ते पान उलटलंत तर सारा वुडसन तुम्हाला सापडणारच नाहीत. हॅली ब्राउन यांनी स्वतः १९२६ मध्ये ‘होमस्पन हिरोइन्स’ हा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चरित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात गुलामीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रुथ आणि हॅरिएट टबमन या प्रसिद्ध स्त्रियांबरोबर बाहेरच्या जगाला ठाऊक नसलेल्या कितीतरी शिक्षिका आहेत. तुमचं वाचन तिथून सुरू करा.